टाकीच्या पोटातला गंज

लोखंड गंजते हे सांगायला विज्ञानाच्या पुस्तकाची गरज नाही. पावसाळ्यात अंगणात विसरलेली विळी, नळाजवळची बादलीची कडी, शाळेच्या फाटकाची बिजागरी, कोठेही पाहा, तांबूस भुकटी दिसतेच. पण चढलेला गंज काढायचा कसा, आणि तो काढताना खालचे लोखंड राखायचे कसे, हा प्रश्न निराळा आहे. विळी असली तर विटेच्या तुकड्याने घासली की काम झाले. जेथे हात पोचत नाही आणि नजरही पुरती पोचत नाही, अशा जागी गंज धरला असेल तर काय करावे?

जुन्या मोटारसायकलची पेट्रोलची टाकी ही अशीच जागा आहे. समजा, घरामागच्या पडवीत आजोबांची जुनी जावा कित्येक वर्षे उभी आहे आणि ती पुन्हा चालू करायचे घरात ठरले आहे. म्हैसूरच्या कारखान्यात या गाड्या १९६१ पासून तयार होऊ लागल्या. पुढे त्या येझदी या नावाने विकल्या जात, आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये नव्या गाड्यांवर पुन्हा आले. पण नव्या गाडीची टाकी जुन्या सांगाड्यावर बसत नाही. तेव्हा आजोबांच्या गाडीची मूळ टाकी ही एकच. बाजूंना क्रोमचा मुलामा, गुडघे टेकण्यासाठी रबराच्या गाद्या, मधे तपकिरी-लाल रंग. बाहेरून फडके मारले की ती अजूनही चकाकते. झाकण उघडून आत डोकावले, की मात्र तांबड्या मातीचा रस्ता दिसावा तसे दिसते.

हा गंज आत राहू दिला तर काय बिघडते? पेट्रोल टाकीतून कॉकच्या जाळीतून कार्ब्युरेटरमध्ये येते आणि तेथे जेट नावाच्या पितळी तुकड्याच्या भोकातून जाते. हे भोक जेमतेम एक मिलिमीटरचे असते. गंजाचा एखादा कण तेथे अडकला की इंजिनाला पेट्रोल कमी पडते. जावाचे इंजिन द्विआघाती, म्हणजे टू-स्ट्रोक आहे. त्याला लागणारे वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. म्हणून पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते, पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जाम होतो, आणि भर वेगात मागचे चाक एकाएकी अडकते. गंजाच्या एका कणामुळे माणूस रस्त्यावर आपटू शकतो, तो असा.

पेट्रोलच्या टाकीत पाणी कोठून आले?

पेट्रोलने लोखंड गंजत नाही. त्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. ऑक्सिजन हवेत आहेच. पाणी येते तेही हवेतूनच. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असते, कारण पेट्रोल खाली उतरताना त्याच्या जागी हवा आत यावी लागते. या भोकातून टाकी जणू श्वासोच्छ्वास करते. दुपारी आतली हवा तापून बाहेर पडते, रात्री गार होऊन आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते.

थोडा हिशेब करून पाहू. तपमान ३० अंश सेल्सिअस असताना बाष्पाने संपृक्त झालेल्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते. २० अंशांना ते सुमारे १७ ग्रॅमच मावते. एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर. तेव्हा दहा लिटरच्या रिकाम्या टाकीतली हवा ३० अंशांवरून २० अंशांपर्यंत थंड झाली, तर ०.१३ ग्रॅम पाणी पत्र्यावर दव म्हणून बसेल. म्हणजे दोन-तीन थेंब. एका रात्रीचे हे काहीच नाही. पण कोकणातल्या पडवीत वीस-पंचवीस पावसाळे काढलेल्या गाडीचा हिशेब तुम्हीच करा. टाकी पेट्रोलने काठोकाठ भरून ठेवली असती तर आत हवाच नसती आणि दव धरायला उघडा पत्राही नसता.

पेट्रोलमध्ये पाणी विरघळत नाही म्हटले तरी चालेल, आणि ते पेट्रोलपेक्षा जड असते. म्हणून ते ओघळून टाकीच्या तळाशी साचते. जावाची टाकी घोड्याच्या खोगिरासारखी असते. सांगाड्याच्या नळीवर ती दोन्ही बाजूंनी बसते, आणि तिला खाली दोन पोटे असतात. पाणी या पोटांत बसून राहते. भोके पडतात ती बहुधा तेथेच.

आता त्यात आणखी एक गोष्ट आली आहे. भारतात आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. थोडे पाणी असेल तर ते इथेनॉलबरोबर पेट्रोलमध्ये मिसळून इंजिनात जळून जाते, हा फायदाच झाला. पण पाणी फार झाले, की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि त्यांचा थर तळाशी बसतो. गाडी रोज चालत असेल तर याचा त्रास सहसा होत नाही. महिनोन् महिने उभी राहणाऱ्या गाडीला मात्र होतो.

एका थेंबाची गोष्ट

पाण्याच्या थेंबाखाली लोखंड सगळीकडे सारखे गंजत नाही. हे केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स (१८८९–१९८०) यांनी एका सुंदर प्रयोगाने दाखवले. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या मदतीने तुम्हालाही तो करता येईल. मिठाच्या पातळ द्रावणात किंचित पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीन मिसळा. पॉलिश-कागदाने घासून लखलखीत केलेल्या लोखंडी पत्र्यावर या द्रावणाचा एक मोठा थेंब ठेवा आणि वाट पाहा. आधी थेंबात इकडेतिकडे निळे व गुलाबी ठिपके उमटतात. थोड्या वेळाने मात्र मध्यभाग निळा होतो आणि कडेने गुलाबी वलय तयार होते.

याचा अर्थ असा. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असल्याने हवेतला ऑक्सिजन तेथे सहज पोचतो. मध्यभागी तो कमी पोचतो. ऑक्सिजन जेथे कमी, तेथे लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयनरूपाने पाण्यात उतरतात. निळा रंग या आयनांचा पुरावा होय. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेकडे धावतात आणि तेथे ऑक्सिजन व पाणी यांच्याशी संयोग होऊन हायड्रॉक्साइड आयन बनतात. गुलाबी रंग त्यांचा. म्हणजे प्रत्येक थेंब ही एक चिमुकली विद्युत्‌घटमाला आहे, आणि लोखंड झिजते ते गंज दिसतो तेथे नव्हे, तर जरा बाजूला!

टाकीच्या तळाशी हेच घडते. शिवाय गंज सच्छिद्र आणि फुगीर असतो. ज्या लोखंडापासून तो बनतो त्याच्या कित्येक पट जागा तो व्यापतो. त्याच्या ढलपीखाली ओल टिकते आणि ऑक्सिजन मात्र पोचत नाही, म्हणून ढलपीखालचा खड्डा खोल खोल होत जातो. सारखा पसरलेला गंज पाहून घाबरू नये. फोडासारखे उंचवटे दिसले तर मात्र सावध व्हावे.

रिकामी टाकी अधिक धोक्याची

गंजाला हात घालण्यापूर्वी पेट्रोलचा बंदोबस्त करावा लागतो. पुष्कळांना वाटते की टाकी रिकामी केली म्हणजे धोका संपला. खरी गोष्ट उलट आहे. पेट्रोलची वाफ हवेत सुमारे १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ते मिश्रण पेटते. भरलेल्या टाकीत वाफ याहून पुष्कळ जास्त आणि हवा कमी असते. रिकाम्या टाकीत मात्र नेमके पेटणारे प्रमाण साधते. दहा लिटरच्या टाकीत त्यासाठी पाऊण ते एक मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याच्या पाचव्या भागाइतके पेट्रोल पुरते. एवढे तर शिवणींच्या सांध्यांत चिकटूनच असते. वेल्डिंग करणारे जाणते मिस्त्री जुनी टाकी आधी पाण्याने भरून घेतल्याशिवाय तिला ज्योत लावत नाहीत, ते यामुळे. तेव्हा मित्रांनो, हे काम मोठ्यांच्या देखत, उघड्यावर आणि चूल, उदबत्ती, विडी यांपासून दूरच झाले पाहिजे.

जुने पेट्रोल सुकून त्याचा राळेसारखा चिकट थर बसतो. हा थर गंजावर असेल तर कोणतेही अम्ल गंजापर्यंत पोचणार नाही. म्हणून प्रथम गरम पाणी आणि धुण्याचा सोडा किंवा साबणाची भुकटी घालून टाकी दोन-तीनदा खळबळून धुतात. हातमोजे घालावेत हे सांगायलाच हवे. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. त्याआधीपासून उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीतल्या गाळात शिशाची संयुगे असू शकतात.

यानंतर सुटा गंज खडखडवून काढायचा. टाकीत मूठ-दोन मूठ नटबोल्ट किंवा जुन्या साखळीचा तुकडा आणि थोडे पाणी घालतात, टाकी गोधडीत गुंडाळतात आणि उलटीपालटी करत हलवत राहतात. सुतळीने साखळीचे एक टोक बाहेर बांधून ठेवले तर ती परत काढताना जीव मेटाकुटीला येत नाही. खडी मात्र घालू नये. तिचा चुरा होतो आणि तो कोपऱ्यात बसतो. या खडखडाटाने ढलप्या निघतात, खड्ड्यांतला गंज निघत नाही. तेथे रसायनशास्त्रच हवे.

गंज ओळखणारे अम्ल

चिंच लावली की तांब्याची घागर लखलखते हे घरोघरी ठाऊक आहे. चिंचेतले टार्टारिक अम्ल तांब्यावरचा काळा ऑक्साइड विरघळवते आणि खालचे तांबे जवळजवळ जसेच्या तसे राहते. गंजाच्या बाबतीतही असेच, ऑक्साइड विरघळवणारे आणि धातूला शक्यतो न दुखवणारे द्रव्य आपल्याला हवे आहे.

हायड्रोक्लोरिक अम्ल हे अनेक गॅरेजांतले आवडते औषध. फरशी धुण्यासाठी ते स्वस्तात मिळते आणि गंज मिनिटांत खाते. पण गंज संपला हे त्याला कळत नाही. त्यानंतर ते लोखंडच खाऊ लागते आणि हायड्रोजनचे बुडबुडे सोडते. चार थेंब बाहेर ओघळले तर क्रोमचा मुलामाही उतरवते. शिवाय पत्र्याच्या दुमडींत क्लोराइड आयन मागे राहतात, आणि ते पुढे गंज चढण्यास मदतच करतात. आजच्या घाईसाठी उद्याची टाकी गमावण्याचा हा प्रकार आहे. मी तर म्हणेन, जुन्या टाकीच्या आसपासही ते आणू नये.

सायट्रिक अम्ल, म्हणजे वाण्याकडे मिळणारे लिंबूसत्त्व, हे या कामी फार उपयोगी पडते. त्याचा रेणू लोखंडाच्या आयनाला तीन-चार ठिकाणी पकडतो, खेकड्याने नांगीत धरावे तसा. पकडलेला आयन पुन्हा गंज म्हणून खाली बसत नाही, द्रावणातच राहतो. औष्णिक वीजकेंद्रांतील बाष्पित्रांच्या नळ्या साफ करण्यासाठीही याच अम्लाचा उपयोग करतात. लिटरभर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम या प्रमाणात द्रावण करून टाकी तोंडापर्यंत भरतात आणि रात्रभर ठेवतात. कॉकच्या जागी बूच घट्ट बसवलेले असावे.

ते लोखंडाला मुळीच लागत नाही असे मात्र नाही. हे पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. द्रावणाच्या एका पेल्यात गंजलेला खिळा आणि दुसऱ्यात घासून स्वच्छ केलेला खिळा टाका. पहिल्यावरचा गंज हळूहळू निघताना दिसेल आणि द्रावण पिवळट होत जाईल. दुसऱ्यावर थोड्या वेळाने हायड्रोजनचे अगदी बारीक बुडबुडे धरतील. ते बुडबुडे म्हणजे वाया जाणारे लोखंड. टाकीच्या आत आपल्याला दिसत नाही, म्हणून मिस्त्रीने टाकीत द्रावण भरतानाच शेजारच्या पेल्यात एक गंजका खिळा टाकून ठेवावा. खिळा साफ झाला, की टाकी उघडून पाहण्याची वेळ झाली असे समजावे.

ज्यांना अजिबात घाई नाही त्यांच्यासाठी साखर कारखान्यातली मळी आहे. एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी यांत गंजकी वस्तू दोन-तीन आठवडे बुडवून ठेवली तर गंज सुटतो. येथेही मळीतली सेंद्रिय द्रव्ये लोखंडाच्या आयनांना पकडून ठेवतात. मिश्रण आंबते आणि त्याला भयंकर वास येतो. घरच्यांची परवानगी आधीच घेतलेली बरी.

फॉस्फोरिक अम्लाची तऱ्हा आणखी वेगळी. ते गंज विरघळवते आणि पत्र्यावर लोह-फॉस्फेटचा करडा थर मागे ठेवते. हा थर काही काळ ओलाव्याला अडवतो. दिल्लीतल्या मेहरौलीचा लोहस्तंभ तुम्ही चित्रात पाहिला असेल. सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा असूनही तो गंजून गेलेला नाही. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण सुमारे पाव टक्का, म्हणजे आजच्या पोलादाच्या मानाने पुष्कळच जास्त आहे. कानपूरच्या आयआयटीतील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी २००० च्या सुमारास दाखवून दिले, की या फॉस्फरसमुळे स्तंभाच्या पृष्ठभागावर फॉस्फेटयुक्त संरक्षक पापुद्रा तयार झाला आहे. टाकीतला फॉस्फेटचा थर या पापुद्र्याचा दूरचा नातेवाईक म्हणता येईल. सोळाशे वर्षांची अपेक्षा मात्र त्याच्याकडून करू नये.

विजेने गंज काढणे

विद्युत् विच्छेदनानेही गंज काढता येतो. टाकीत धुण्याच्या सोड्याचे द्रावण भरतात. तोंडातून लोखंडी सळई आत सोडतात, ती टाकीला कोठेही टेकू देत नाहीत. बॅटरी चार्जरचे धन टोक सळईला आणि ऋण टोक टाकीला जोडतात. टाकी ऋणाग्र झाल्याने तिच्यावर इलेक्ट्रॉनांचा पुरवठा होतो, गंजाच्या काही भागाचे क्षपण होऊन काळा ऑक्साइड बनतो, आणि हायड्रोजनचे बुडबुडे गंजाची पकड सोडवतात. लोखंड येथे विरघळत नाही, हा मोठाच गुण.

पण हायड्रोजन किती तयार होतो ते पाहा. फॅराडेच्या नियमाप्रमाणे एक अँपिअर प्रवाह एक तास चालला, की खोलीच्या तपमानाला सुमारे ०.४५ लिटर हायड्रोजन मिळतो. तीन अँपिअर प्रवाह बारा तास ठेवला तर ३६ अँपिअर-तास, म्हणजे १६ लिटरहून अधिक हायड्रोजन! आणि सळईवर त्याच्या निम्मा ऑक्सिजन. प्रत्यक्ष टाकीपेक्षा मोठा असा हा स्फोटक वायूंचा साठा बंद खोलीत करणे म्हणजे संकटाला आमंत्रण. चार्जर बंद केल्याशिवाय तारा काढू नयेत, कारण एक ठिणगी पुरते. सोड्याऐवजी मीठ घातले तर क्लोरीन वायू निघतो. सळई स्टेनलेस स्टीलची घेतली तर तिच्यातल्या क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. शिवाय सळईच्या समोर येणारा भाग चांगला साफ होतो, आडोशाचा राहतो. जावाच्या टाकीला दोन पोटे असल्यामुळे आडोसा पुष्कळ. म्हणून या टाकीसाठी विजेपेक्षा लिंबूसत्त्वच मला अधिक सोयीचे वाटते.

पुढचा अर्धा तास

द्रावण ओतून टाकले, आत बॅटरी टाकून पाहिले, करडा स्वच्छ पत्रा दिसला. येथे पुष्कळजण हातपाय धुऊन चहाला बसतात, आणि परत येतात तो आतून पुन्हा नारिंगी झाक! नुकताच उघडा पडलेला पत्रा ओला असेल तर तो पाहता पाहता गंजू लागतो, श्रावणातल्या हवेत तर विचारूच नका. म्हणून पुढची तयारी आधीच मांडून ठेवावी लागते.

लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी खळबळून उरलेले अम्ल मारतात, मग साध्या पाण्याने धुतात. पाणी निथळले की थोडे स्पिरिट घालून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवतात. स्पिरिट पाण्यात मिसळते आणि कोपऱ्यांतले पाणी आपल्याबरोबर बाहेर घेऊन येते. स्पिरिटची वाफ उघड्यावर पुरती उडून गेल्यावरच गरम हवेचा झोत द्यायचा. आधी दिला तर यंत्राच्या तापलेल्या तारेने ती पेटेल. सुकलेल्या टाकीत लगेच थोडे टू-स्ट्रोक तेल फिरवले, की पत्र्यावर तेलाचा पातळ थर बसतो. काहीजण आतून इपॉक्सीचा लेप देतात. लेप चांगला, पण तो पूर्ण साफ व कोरड्या पत्र्यावरच धरतो आणि इथेनॉलला टिकणारा असावा लागतो. गंजावरच लेप ओतला तर वर्षा-दोन वर्षांत त्याची सालपटे सुटून कॉकमध्ये अडकतात.

कधी कधी गंज निघताच टाकी गळू लागते. ‘औषधाने टाकीला भोक पाडले’ अशी ओरड मग होते. वास्तविक भोक आधीच पडलेले असते. गंजाच्या ढलपीनेच ते बुजवून ठेवलेले असते. अशी गळकी जागा आज गॅरेजात दिसली तर डाग देऊन बुजवता येते. ती इंजिनावर ठिबकताना दिसली असती तर निराळाच प्रसंग ओढवला असता.

वापरलेले पिवळे द्रावण झाडाच्या मुळाशी किंवा विहिरीजवळ ओतू नये. त्यात फसफसणे थांबेपर्यंत धुण्याचा सोडा घातला की अम्ल निष्प्रभ होते. टाकीच्या पहिल्या धुण्याचा शिशाचा संशय असलेला गाळ मात्र वेगळ्या डब्यात बंद करून ठेवावा.

मग कॉकला नवी जाळी आणि नवा वायसर लावून टाकी गाडीवर चढवतात. पहिले लिटरभर पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाऊ देत नाहीत. नळी सोडवून ते पांढऱ्या फडक्यातून डब्यात गाळून घेतात. फडक्यावर तांबूस कण दिसले तर आणखी एकदा खळबळायचे. फडके कोरे राहिले, की नळी जोडून किक मारायला हरकत नाही.